सरळ केलेली नजर

फोटोवाल्या काकांच्या स्टुडिओत रडत गेलेलं पोर हसत बाहेर यायचं. काका कॅमेऱ्यामागे भुंकायचे, डोक्यावर टोपली घालायचे, वेळ पडली तर जमिनीवर लोळायचे. “माझ्या कॅमेऱ्याकडे न बघणारं मूल अजून जन्माला यायचंय!” असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. तोरा काही कमी नव्हता हो त्यांना.

आणि ते मूल नेमकं त्यांच्याच लेकीच्या पोटी जन्माला आलं.

नातीच्या तिसऱ्या वाढदिवसाला काकांनी भुंकून भुंकून घसा बसवून घेतला. नात ढिम्म! डब्याचं झाकण गरगर फिरवायचं आणि भलतीकडेच बघायचं. हाक मारा, टाळ्या पिटा, मान वळेल तर शपथ. मग काका संगणकावर बसले आणि फोटोतली तिची बुबुळं अलगद मधोमध आणून ठेवली. गिऱ्हाइकांचे मिटलेले डोळे ते नेहमीच उघडून द्यायचे, त्यात काय एवढं? फोटो लेकीच्या घरी भिंतीवर लागला. त्यानंतरचे फोटोही तसेच दुरुस्त होऊन गेले.

लेकीला मात्र चैन पडेना. “अहो, ही हाकेला बघत नाही,” ती नवऱ्याला म्हणाली. “काही हवं असलं तर बोट दाखवत नाही, माझा हात धरून ओढते. चार शब्द बोलायची, तेही गेले. डॉक्टरांना दाखवू या ना!”

जावयानं भिंतीकडे हात केला. “ते बघ, कशी टक लावून बघतेय! तुझं आपलं काहीतरीच.”

काका समोरच चहा पीत बसले होते. त्यांनी उरलेला चहा बशीत ओतला आणि फुंकर घालत बसले. डॉक्टरांचं राहिलं ते राहिलंच.

पुढे बरेच महिने गेले. एका दुपारी लेक एकटीच स्टुडिओत आली आणि स्टुलावर मटकन बसली. “बाबा, फोटोत ती बघते. तुमच्याकडे बघते. माझ्याकडेच बघत नाही. माझंच काहीतरी चुकत असणार.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं काकांना. त्यांनी मूळ फोटो पडद्यावर लावले, एकामागून एक. एकातही नजर समोर नव्हती.

लेक आता तोंडाला येईल ते बोलणार, असं त्यांना वाटलं. बोलली असती तर बरं झालं असतं. ती ओंजळीत तोंड धरून हमसून हमसून रडली. “म्हणजे मला वेड नव्हतं लागलं,” एवढंच म्हणाली. मग डोळे पुसून उठली. “डॉक्टरांकडे तुम्हीही चला. तुमच्या तोंडानं सांगा सगळं.”

काकांनी सांगितलं. मान खाली घालून, अडखळत, पण सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पोरीला बराच वेळ खेळवलं, निरखलं. “स्वमग्नतेची लक्षणं दिसतायत,” त्या म्हणाल्या. “कान तपासू, बाकीच्या तपासण्याही करू. पण तिला मदत मात्र आजपासूनच सुरू करायची. आधी आला असतात तर तेवढे महिने हाताशी आले असते.”

सोबत आलेला जावई लालबुंद झाला. “का केलंत हो असं, बाबा?”

“लोक काय म्हणतील...” काकांनी सुरुवात केली आणि थांबले. तेही खरं नव्हतं.

“मला लाज वाटायची,” ते म्हणाले. “हिची.”

नात तिथंच, आईच्या मांडीवर बसली होती.