ओट्यावरची परात

पडदा वर जातो. डोंगराचा माथा. मागे लांबवर हरिहर गडाचा कातळ, कार्तिकातल्या धुक्यात अर्धा बुडालेला. डावीकडून, त्र्यंबकच्या अंगाने, ऊन हलक्या पावलांनी आत येतं, कौलांवरून घसरत अंगणात उतरतं आणि सारवलेल्या लांबलचक ओट्यावर अंग टाकतं. उजवीकडे पाण्याचा बंब धुमसतोय. ओट्याच्या मधोमध वेताची एक कोरी करकरीत खुर्ची. रिकामी. ज्यांनी तिच्यात बसायचं त्या कुसुमताई खुर्चीच्या मागे उभ्या. एखाद्या नायिकेच्या हातात ऐनवेळी दोन वाक्यांची भूमिका ठेवावी, तशा त्या खुर्चीकडे बघताहेत.

"बसा की राणीसरकार," बंबाशी फुंकणी घेऊन बसलेले उपेंद्र म्हणाले. "लेकानं नाशिकहून गाडीच्या टपावर बांधून आणलीय."

"तुम्हीच बसा. मला त्यात पाय अधांतरी वाटतात."

"मी बसलो तर पाणी कोण तापवणार? मला अजून निवृत्त केलेलं नाही कोणी."

बोलून गेल्यावर उपेंद्रांनी जीभ चावली आणि उगाचच बंबात एक लाकूड सारलं.

कुसुमताईंचं माहेर पेणचं. लग्न होऊन त्या पंचवटीत आल्या. उपेंद्र वीज मंडळाच्या कचेरीत. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना त्यांनी त्र्यंबकहून हरसूलला जाणाऱ्या रस्त्याच्या वर, हा दगडांनी भरलेला माळ घेतला. सगळे नातेवाईक हसले. कुसुमताई हसल्या नाहीत. त्यांनी माळभर फिरून विहिरीचं पाणी चाखलं आणि म्हणाल्या, "डाळ शिजेल ह्यात." दोन खोल्या उठल्या, मग चार, मग हा ओटा. दारावर पाटी लागली, 'माथ्यावर'. शहरात दमलेली माणसं येऊन दोन दिवस पडून राहू लागली. कोणाची मंगळागौर, कोणाची पंचाहत्तरी, कुठे दहावीच्या जुन्या वर्गाचं संमेलन.

आणि इथली ती रीत. ती कोणी ठरवून पाडलेली नव्हती. अगदी पहिला मोठा गट आला तो शिक्षिकांचा, आणि नेमकी त्याच दिवशी मदतनीस भागुबाई तापाने घरी. कुसुमताईंनी माहेरच्या सवयीने मोड आणलेले वाल परातीत घेतले आणि एकट्याच ओट्यावर सोलायला बसल्या. वाल म्हणजे एकट्याचं काम नव्हे. कोमट पाण्यातला एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा, साल हातात राहते आणि आतली डाळिंबी टुणकन उडते. एका बाईला राहवलं नाही, ती शेजारी टेकली. मग दुसरी. मग सगळा शिक्षकवर्ग. तेव्हापासून जो कोणी माथ्यावर आला, त्याने पहिल्या दिवशी ओट्यावर बसून मूठभर वाल सोलायचे आणि मग सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं. डॉक्टर सोलून गेले, वकील सोलून गेले. लग्न ठरवायला आलेल्या दोन घरांनी तर अर्धी बोलणी ह्या परातीवरच उरकली.

मुलगा विश्वेश पुण्यातली नोकरी सोडून बायकोसह इथे आला आणि व्यवहार बघू लागला, तोवर ही रीत घराच्या खांबासारखी झाली होती. मग दिवाळीच्या सुट्टीत कोणीतरी येऊन गेलं आणि मोबाईलवर एकच तारा देऊन लिहून गेलं, 'पैसे घेतात आणि पाहुण्यांनाच कामाला बसवतात.' विश्वेश ते वाचून रात्रभर कुशी बदलत राहिला. पुढच्या आठवड्यात चौकोनी टेबलं आली. नाशिकच्या हॉटेलात हात बसलेला गोरक्ष आचारी म्हणून आला. आणि ही खुर्ची आली.

"आई, तू खूप केलंस. आता तू फक्त पाहुण्यांचं स्वागत करायचं. आणि ते वाल... एकाही पाहुण्याला हात लावायला सांगायचं नाही. कबूल?"

"कबूल," कुसुमताई म्हणाल्या होत्या. आवाजात काही नव्हतं. सून मृण्मयीला मात्र ते काही नसणंच ऐकू आलं.

अडचण एकच झाली. शनिवारच्या मंडळींसाठी, म्हणजे सबंध पंगतीच्या हिशोबाने, वाल त्यांनी आधीच भिजत घातले होते. हात आपले सवयीने गेले होते कोठीत. दुसऱ्या दिवशी ते फडक्यात बांधले, आणि कबूल करून बसल्यावर गाठोडं कोपऱ्यात तसंच राहिलं.

शनिवारी मंडळी आली. जुन्या नाशिकातलं ताहेराबींचं कुटुंब. वय कुसुमताईंच्याच आगेमागे. मुलं इनायत आणि मुस्तकीम, सुना, नातवंडं. नवरा गेल्यावर फर्निचरच्या दुकानाच्या दोन वाटण्या झाल्या आणि भावाभावांचं बोलणं थांबलं. "दोघांना एका जागी जेवताना बघायचंय," एवढंच ताहेराबींनी खोल्या घेताना मृण्मयीला फोनवर सांगितलं होतं.

गोरक्षने स्वयंपाक फक्कड केला. त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण टेबलं चौकोनी, चार माणसांची. इनायत दाराजवळच्या टेबलावर, मुस्तकीम खिडकीजवळच्या. मुलं मोबाईलमध्ये. ताट संपलं तसा जो तो आपापल्या खोलीत. ताहेराबी एकट्याच मागे राहिल्या. कुसुमताई खुर्चीत बसून स्वागत करत होत्या, म्हणजे रिकाम्या टेबलांकडे बघत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्याच घरात पाहुणी म्हणून आल्यासारखं वाटलं.

आणि आता ही रविवारची सकाळ. आतून भागुबाई गाठोडं पोटाशी धरून आली.

"आई, ह्ये बघा. मोड लय वाढलं. आज नाय सोललं तर आंबून जातील. गोरक्षदादा म्हनतो, टाकून द्या."

"टाकून?" कुसुमताईंनी खुर्ची बाजूला सरकवली. "परात आण मोठी. आपण दोघी बसू."

"दोघींनी? संध्याकाळ व्हईल!"

"होऊ दे. विश्वेश त्र्यंबकला बाजाराला गेलाय. पाहुण्यांना काही सांगायचं नाही, शब्द दिलाय मी. पण मी सोलायचं नाही असं काही ठरलेलं नाही."

उपेंद्रांनी न विचारता बंबातलं कोमट पाणी बादलीत काढून आणलं. परातीत वाल पडले. दोघी खाली मांडी घालून बसल्या. बोटं चालू लागली आणि कुसुमताईंचे पाय जमिनीला लागले.

थोड्या वेळाने ताहेराबी उन्हाला म्हणून बाहेर आल्या. "अय्या, वाल! किती वर्षांनी बघतेय." आणि बोलता बोलता भिंतीला टेकून खाली बसल्यासुद्धा.

"नको हो," कुसुमताईंनी परात मागे ओढली. "मुलाला कबूल केलंय मी. पाहुण्यांना काम सांगायचं नाही."

"तुम्ही कुठं सांगितलं? मी काय कोणाचं सांगितलेलं ऐकते का, विचारा माझ्या सुनांना." ताहेराबींनी परात पुढे ओढली. "आणि दोन घरांच्या आया रिकाम्या बसल्या की काय होतं, ते काल रात्री बघितलं मी. तुमचंही आणि माझंही."

 कुसुमताईंनी परात परत ओढली नाही.

मग नात जिया आली. तिची पहिली डाळिंबी उडाली ती थेट उपेंद्रांच्या टोपीवर. तिच्या खिदळण्याने सुना आल्या. मुस्तकीम चहाचा कप घेऊन आला आणि लेकीला, जियाला, म्हणाला, "असं नाय गं, खालून दाब." शिकवता शिकवता बसला. इनायत बराच वेळ दारात उभा होता. शेवटी जागा उरली होती ती भावाच्या शेजारीच.

"सरक जरा," इनायत म्हणाला.

मुस्तकीम सरकला. एवढंच झालं. गळाभेट नाही, डोळ्यांत पाणी नाही. दोघं मान खाली घालून सोलत राहिले. पण जरा वेळाने मुस्तकीम पुटपुटला, "तुझ्या ढिगात सालं किती राहिलीत बघ. दुकानात रंधा मारतानापण तुझं असंच असायचं."

"आणि तुझं? अब्बा दुसऱ्यांदा रंधा मारायचे तुझ्या मागून."

ताहेराबींची बोटं क्षणभर थांबली. मग पुन्हा चालू लागली.

नेमक्या ह्याच प्रवेशात विश्वेशची गाडी अंगणात शिरली. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तो ओट्याशी आला आणि जागीच थिजला. सगळेच्या सगळे पाहुणे जमिनीवर. सगळ्यांचे हात ओले.

"आई!"

कुसुमताई गडबडून उठायला लागल्या. "अरे, मी कोणाला एक शब्दही—"

"भाऊ, जरा बाजूला व्हा," इनायत मान वर न करता म्हणाला. "ऊन अडवताय."

विश्वेश बाजूला झाला. त्याने त्या दोन भावांच्या भिडलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं. काल ह्याच दोघांसाठी त्याने मुद्दाम लांब लांबची टेबलं लावली होती, अवघडायला नको म्हणून. मग त्याने भिंतीशी सरकवलेल्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्यात आता बंबवाले बाबा आरामात रेलले होते.

"रिकामी बघवेना," उपेंद्र म्हणाले. "मला बरी बसते रे ही. मलाच ठेव."

तेवढ्यात गोरक्ष पंच्याला हात पुसत दारात आला. "दादा, पनीर आणलं ना? दुपारचं काय मांडू? टेबलं पुसून ठेवलीत."

 दिवाळीतला तो एकुलता एक तारा बहुधा विश्वेशच्या डोळ्यांपुढे येऊन गेला असावा. मग त्याने पिशव्या गोरक्षच्या हातात दिल्या.

"मला नको विचारू. आईला विचार. स्वयंपाकघर तिचं आहे. आणि टेबलं राहू दे, पंगत मांडू."

"आस्सं!" भागुबाई म्हणाली आणि पदराने नाक पुसून घेतलं.

कुसुमताईंनी गोरक्षला खोबरं, आमसूल आणि गूळ काढून ठेवायला सांगितलं, फोडणी मात्र मी आल्यावर, असंही बजावलं. मग त्या पुन्हा परातीकडे वळल्या. विश्वेश अजून तिथेच घुटमळत होता.

"आई, अजून पुष्कळ राहिलेत का गं?"

कुसुमताईंनी भागुबाईला कोपराने सरकवलं, आपल्या शेजारची जागा हाताने झाडली आणि लेकाकडे बघून म्हणाल्या, "निम्मे तरी आहेत. उभा काय राहिलास? हात धुऊन ये, आणि बस."