चंद्रकलेने पुजलेली दुकानाची स्कूटर

शनिवार, ८ नोव्हेंबर १९८६.

मारुतीला तेल वाहून आले तरी मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहायला बसले.

शेजारची चंद्रकला एक उपास धड पाळत नाही. बोलता बोलता शेवेची चिमूट तोंडात टाकते आणि मग म्हणते, "अवो बाई, आज चतुर्थी होती काय?" तरी सौंसरच्या आमच्या अख्ख्या गल्लीत देव तिचंच ऐकतो. तिनं पाटल्या मोडून नवऱ्याला, गुणवंताभाऊजींना, पांढुर्ण्याच्या दुकानातून स्कूटर घेऊन दिली. थोड्याच दिवसांत इंजिन बिघडलं. दुकानदार भैय्याजींनी ती दुरुस्तीला ठेवून घेतली आणि तोवर चालवायला दुकानाची पांढरी स्कूटर दिली. म्हणजे गाडी बंद पडूनही हिच्या दारात गाडी उभीच.

त्यात दसरा आला. दारातलं वाहन पुजायचं म्हणून हिनं तेलात शेंदूर कालवला. मी म्हटलं, "दुसऱ्याची गाडी हाय, कुंकू लाव."

"कुंकू उडून जाते, बाई. शेंदूर टिकते."

समोरच्या पत्र्यावर हे एवढं स्वस्तिक काढलं. दिवाळी झाली तरी टिकलं. परवा गाडी परत द्यायची म्हणून तिनं राख आणि काथ्या घेऊन घासलं, तर शेंदरासोबत खालचा रंगही निघाला.

काल भैय्याजी दुरुस्त झालेली स्कूटर घेऊन स्वतः आले. पांढऱ्या गाडीचा उघडा पत्रा पाहिला आणि हिच्या स्कूटरची किल्ली खिशात टाकली.

"रंगाचे पैसे द्या, तवाच किल्ली भेटन."

गुणवंताभाऊजी मान खाली घालून उभे. मला आतून गार वाटलं. पाटल्याही गेल्या, आता गाडीही जाते म्हटलं.

चंद्रकला पुढं झाली. "काय जी भैय्याजी, दसऱ्याले दुकानातल्या गाड्यायची पूजा केली?"

"केली ना."

"हिची?"

"हे तर तुमच्यापाशी होती."

"मंग मी नसती केली तर तुमची लक्ष्मी बिनपूजेचीच राहिली असती. दक्षिणा मी मागाव, का पैसे तुमी मागाव?"

गल्ली हसली. भैय्याजीही कच्चे नव्हते. "पूजेचे कोण मांगून राहिलं, वहिनी? पूजा केली, चांगलं केलं. पण देवाचं स्वस्तिक राखेनं घासलं कोनं?"

सापडली, मी मनात म्हटलं. चंद्रकला आत गेली. सगळ्यांना वाटलं, पैसे आणायला गेली. बाहेर आली ती शेंदराची वाटी घेऊन. उघड्या पत्र्यावर, बरोबर जुन्याच जागी, नवं स्वस्तिक काढून मोकळी झाली.

"घ्या. माह्यं चुकलं, भरून देल्लं. आता पुसाचं असन तर तुमीच पुसा."

एवढ्या लोकांसमोर कोण पुसणार? भैय्याजींनी स्वस्तिकाला हात जोडले, किल्ली हिच्या हातावर ठेवली आणि त्याच पांढऱ्या गाडीवर बसून पांढुर्ण्याला गेले.

इतकी वर्षं मी शनिवार धरते आहे. माझ्या हातच्या शेंदराला असे कोणी हात जोडले नाहीत.

आज देवळात प्रदक्षिणा घालत होते, तर समोरच्या रस्त्यानं ते दोघं स्कूटरवर जामसावळीच्या मारुतीला निघालेले. मागं बसलेल्या हिनं हात हलवला. "येतो, बाई. तुमच्यासाठी परसाद आणतो."

कितवी प्रदक्षिणा होती, विसरले. पुन्हा पहिलीपासून धरली.