उजवा कान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि दर वर्षी ईस्टरआधी पापनिवेदनाला गुडघे टेकतो तेव्हा फादरांनाही नाही. तिथे बाकीचं सगळं आठवतं — शिव्या, दारू, भावाशी भांडण. हे मात्र गिळतो. तुलाच का सांगतोय? खरंच, मला कळत नाही.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. भुईगावहून मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत जायचो, उंदरांच्या खोलीत कामाला. परदेशातून खास उंदीर आले होते — बीजांडातच एक जास्तीचं जनुक घातलेले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकमेकींना रोगाचा निरोप कसा देतात ते त्यांच्यावरून कळेल, असं मंगलताई सांगायची. ती तिथे पीएच.डी. करत होती. मला फ्रान्सिसभाऊ म्हणायची, डब्यातलं थालीपीठ द्यायची.

पंचाईत अशी, की एकाच विणीतल्या काही पिल्लांत ते जनुक यायचं, काहींत नाही. दिसायला सगळी सारखीच. ताई शेपटीवर शाईने आकडा टाकायची, शेपटीचा तुकडा तपासून यादी द्यायची आणि शाई पुसायच्या आत मी कानाला छेद द्यायचो. जनुक असेल तर उजव्या, नसेल तर डाव्या. उंदराचा उजवा हं — आपला नव्हे.

आता ऐक. आमच्या अंगणात आमची आणि काकीची कोंबडीची पिल्लं एकत्र फिरायची. म्हणून पायात चिंधी बांधायची — आमच्या पिल्लांच्या उजव्या, काकीच्या डाव्या. पण पिल्लू धरायचं उताणं, तोंड आपल्याकडे, आणि आपल्या उजव्या हाताला येईल तो पाय उजवा! खरा तो पिल्लाचा डावा. दोन्ही घरं तसंच करायची, म्हणून कधी घोळ झाला नाही. एके सकाळी आईबरोबर वीस-पंचवीस पिल्लं बांधून मी कामावर गेलो, आणि जाताक्षणी उंदरांची नवी वीण छेदायला घेतली. कशी धरली होती मी ती? उताणी? — देवाशपथ, आठवत नाही.

महिनाभराने ताईचे आकडे उलटे आले. जनुकवाल्या उंदरांच्या पेशी जाग्या व्हायला हव्या होत्या, त्या गप्प, आणि साध्या उंदरांच्या जाग्या. प्रयोगशाळेच्या मुख्य साहेबांनी सगळ्यांसमोर तिला झापलं — तुझा हातच वाईट म्हणून. ती मान खाली घालून उभी राहिली.

संध्याकाळी माझ्याकडे आली. "फ्रान्सिसभाऊ, त्या विणीतले उरलेले सहा उद्यापर्यंत ठेवा हं. शेपट्या परत तपासते."

ठेवायचे. एवढंच करायचं होतं. आणि मी म्हणालो, "ताई, त्यांना जुलाब लागलेत. काढून टाकावे लागतील, नाहीतर खोलीभर पसरेल."

ती गेल्यावर मी सहाही मारले. धडधाकट होते. एक तर माझं बोट चाटत होता. मला कायम करण्याचा कागद तेव्हा साहेबांच्या टेबलावर होता, हे खरं. पण डोक्यात तो कागद होता, की 'फ्रान्सिसचा हात चुकत नाही' हा तोरा? गोंधळ आहे रे, आजही आहे. कदाचित छेद बरोबरही असतील — मग मारले कशाला? ज्याला आपल्या हाताची खात्री असते, तो असं करतो का?

पुढच्या विणीचे आकडे सुलटे आले. पण साहेबांचा विश्वास उडाला होता. ही मनाला येईल ते लिहिते, म्हणाले. वर्षभराने ताईने पीएच.डी. सोडली. माझं तोंड तेव्हाही उघडलं नाही. मी तोवर कायम झालो होतो.

शेवटच्या दिवशी ती उंदरांच्या खोलीत आली. म्हणाली, "मी सगळ्यांवर संशय घेतला, भाऊ. औषधांवर, यंत्रावर, स्वतःवर तर रोजच. तुमच्यावर मात्र एकदाही नाही."

मी 'जपून जा, ताई' म्हणालो, आणि फाटकापर्यंत तिची पिशवी धरली.