‘शाख’ किती?

दहावीपर्यंत मी बेळगुंदीत मराठी शाळेत शिकले. पीयूसीपासून, म्हणजे अकरावीपासून, बेळगावात सगळं इंग्रजीत. बी.एस्सी.चं शेवटचं प्रॅक्टिकल होतं. त्यात नापास म्हणजे पदवी अडकली, वर्ष गेलं.

माझ्या वाट्याला कॅलरीमीटर आला. नाव भारदस्त, वस्तू काय, तर एकात एक घातलेले थर्माकोलचे दोन पेले आणि वर भोकाचं झाकण. भोकातून थर्मामीटर आणि ढवळायची काडी. आम्लात अल्कली ओतायची, पारा किती चढतो ते बघायचं. झाकण हवाबंद करायचं नाही. आत काही फुगलंच तर हवेला बाहेर जायला वाट असते, म्हणून आतला दाब खोलीतल्या हवेइतकाच राहतो. दाब न बदलता जी उष्णता निघते, ती द्रावणाचं वजन, त्याची विशिष्ट उष्णता आणि वाढलेले अंश गुणून काढायची. एन्थाल्पी, एन्थाल्पी म्हणून ज्याचा बाऊ करतात ते एवढंच.

हे सगळं मला येत होतं. मराठीत.

परीक्षा घेणाऱ्या सरांनी इंग्रजीत विचारलं, झाकणाला भोक कशाला? मी “बिकॉज द होल…” इथंच अडकले. सर वाईट माणूस नव्हेत. इंग्रजी नाही तर पोरीला कन्नड तरी येत असेल, असं त्यांना वाटलं. हळूच म्हणाले, “शाख एष्टु, हेळम्मा?”

एष्टु म्हणजे किती. बाजारातलं कन्नड मी फाडफाड बोलते. पण शाख? मला ऐकू आली शाखा. शाखा किती, सांग बाई.

शाखा एकच. म्हटलं, “ओंदे, सर. सायन्स.”

मागं हशा पिकला. सर लाल झाले. त्याच आठवड्यात मी कॉलेजच्या गेटवर पत्रकं वाटली होती, सूचना मराठीतूनही द्या म्हणून; सरांनी ते पाहिलं होतं. त्यांना वाटलं, ही आपल्या भाषेची टिंगल करते. “जा, गेटवर पत्रक वाट,” म्हणाले आणि माझं जर्नल मिटलं. हे वाक्य मात्र मराठीत होतं.

बाहेर लॅबमधले अण्णा भेटले. “आगं खुळे, शाख म्हंजे उष्णता की! सायन्स काय सांगतीस?”

“मग तिथंच सांगायचं न्हाय व्हय, अण्णा?”

“परीक्षा तुजी हुती का माजी?”

मी नापास झाले. पत्रक लिहायला बसले. आम्हा मराठी पोरांचं पत्रक नेहमी ‘जाहीर निषेध’ या शब्दांनी सुरू होतं. निषेध कुणाचा करू? माझी अडचण बघून भाषा बदलणाऱ्या माणसाचा? कागद कोराच राहिला.

शेवटी सरांकडे गेले, शाख आणि शाखा यांतला घोळ समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. डोक्याला हात लावला. मग म्हणाले, मार्क वर पाठवून झालेत, आता आपल्या हातात काही नाही.

आता शाख हा शब्द मला पाठ आहे. पुढच्या वर्षी दुसरे कुणी सर येतील, आणि ते इंग्रजीतच विचारतील.