सुमनताईंच्या फोडणीचा अलार्म

फेब्रुवारीतल्या एका सकाळी साडेदहाच्या सुमारास टोनींचा फोन आला. टोनी हे सुमनताईंचे घरमालक. अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावी, दुमजली लाकडी घरात ते स्वतः खाली राहत आणि वरचा मजला त्यांनी सुमनताईंना भाड्याने दिलेला होता. "आज अलार्म वाजला नाही," ते म्हणाले. सुमनताईंच्या स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, छताला, धूर झाला की ओरडणारं यंत्र बसवलेलं होतं. रोज सकाळी नऊला त्यांनी फोडणी घातली की ते किंचाळायचं आणि त्या दिवशी ते गप्प होतं. माझ्या मनात पहिला आला तो संताप. काढली पुन्हा बॅटरी! इतकं बजावूनही काढलीच! मी टोनींना म्हटलं, "दुपारी येते आणि बोलते त्यांच्याशी." ... दुपारी दोनला आम्ही दार उघडलं, तेव्हा सुमनताई अंथरुणातच होत्या. हृदय झोपेतच थांबलं, तेही पहाटेच्या आधी, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे मी साडेदहाला धावत गेले असते, तरी काही फरक पडला नसता. साताऱ्याच्या शाळेत बत्तीस वर्षं मी मुलींना अवघड गोष्टी समजावून सांगितल्या, पण ही एक गोष्ट गेले सहा आठवडे मला स्वतःलाच पटवून देता येत नाही.

सुमनताई मूळच्या कऱ्हाडच्या. नवऱ्याबरोबर इथे आल्या, नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, आणि पुढची सगळी वर्षं त्यांनी एका भारतीय किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत पोळ्या लाटल्या. मुलाकडे राहायला आल्यावर मी त्या दुकानात जाऊ लागले आणि आमची ओळख झाली. मी पोळीच्या कडा जाड राहिल्याचं त्यांच्या निदर्शनास आणलं, तेव्हा त्या लाटणं न थांबवता म्हणाल्या, "मास्तरीणबाई दिसताय." तेव्हापासून मी त्यांची मास्तरीणबाई. भाडं दरवर्षी वाढत होतं, पगार जागच्या जागी होता. २००१ सालच्या उन्हाळ्यात काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, गृहसाहाय्य कचेरीने भाड्याच्या व्हाउचरसाठी प्रतीक्षायादी उघडली आणि आम्ही दोघींनी मिळून अर्ज भरला. ज्यांना ही व्यवस्था ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल, तर त्या कुटुंबाने उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा भाडं म्हणून भरायचा आणि उरलेलं भाडं कचेरी थेट मालकाला देते. कल्पना उत्तम आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती अर्जदारापर्यंत ज्या वाटेने पोहोचते, तिच्यावर प्रत्येक वळणाला एक मुदत बसवलेली असते, आणि मुदत चुकली की माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर.

पाच वर्षं गेली. मधूनमधून कचेरीचं पत्र येई: तुम्हाला अजून मदत हवी आहे का? अमुक दिवसांत कळवा, नाहीतर नाव काढून टाकू. सुमनताई ते पत्र न उघडता देवापुढे ठेवत. महत्त्वाचा कागद आधी देवाला दाखवायचा, मग मंगळवारी उघडायचा, अशी त्यांची रीत होती. "अहो, मुदत देव वाढवून देणार आहे का?" मी ओरडायची. "त्याच्या हातात नसेल तर तुमच्या कचेरीच्या हातात तरी काय आहे?" त्या शांतपणे म्हणत. दोन वेळा मी स्वतः देव्हाऱ्यातून पत्र काढून, त्यावरचं हळदकुंकू पुसून, उत्तर पाठवलं. दूर दुसऱ्या राज्यात, प्लेनोला, त्यांच्या पुतण्याचं मोठं घर होतं आणि तो त्यांना बोलावतही असे. मी एकदा विचारलं, एवढा त्रास काढण्यापेक्षा तिकडे का जात नाही? त्यांनी तव्यावरची पोळी उलटली. मग म्हणाल्या, "तिथे सगळं आहे, बाई. पण मी पाहुणी. इथे शेगडी माझी आहे." त्यानंतर तो विषय मी काढला नाही. त्यांना व्हाउचर हवं होतं ते एवढ्यासाठी.

२००६च्या शरद ऋतूत व्हाउचर आलं. राहत्या घरासाठीच ते वापरता येईल असं कळलं, टोनीही तयार झाले. राहिली होती फक्त घराची तपासणी. तपासनीस काय काय पाहतो याची नऊ कलमांची यादी मी मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या फ्रीजवर चिकटवली. नववं कलम होतं: अलार्म चालू असावा. "परीक्षेला बसवताय का मला?" त्या म्हणाल्या. "हो. आणि कॉपी करायला मी स्वतः देते आहे. निदान आता तरी पास व्हा." त्या खळखळून हसल्या. आदल्या दिवशी मी बॅटरी बसवून बटण दाबलं, आवाज ऐकला आणि निर्धास्त मनाने घरी गेले.

तपासणीच्या दिवशी पोहोचले तेव्हा जिन्यातच कढीपत्त्याचा वास आला. सुमनताईंनी पोहे केले होते. घरात पहिल्यांदा पाऊल टाकणारा माणूस कोरड्या तोंडाने कसा जाईल? फोडणी घातली, अलार्म किंचाळला, खालून टोनींनी झाडूचा दांडा छताला ठोकला आणि यांनी गडबडीत स्टुलावर चढून बॅटरी काढून टाकली. कुठे ठेवली, ते आठवेना. तपासनीस मागोमाग आलाच. खिडक्या, नळ, जिन्याचा कठडा, सगळं ठीक. मग त्याने काठीने अलार्मचं बटण दाबलं. शांतता. मी ओट्यावरचे डबे उघडत होते आणि सुमनताई बशी पुढे करून मला म्हणत होत्या, "त्यांना म्हणावं, आधी खाऊन घ्या, तोवर सापडेल." तपासनीस म्हणाला, "मॅडम, मला काहीही घेता येत नाही." पाच मिनिटं थांबला, बिचारा. मग कागदावर 'फेल' लिहून पुढच्या घरी गेला. दुपारी ती बॅटरी मिसळणाच्या डब्यात सापडली, मोहरीच्या वाटीत. त्या दिवशी मी सुमनताईंशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. त्यांनी मला पोह्यांचा डबा बांधून दिला. तो मी घेतला, पण बोलले नाही.

व्हाउचरची मुदत संपायला नऊ दिवस उरले होते आणि फेरतपासणीची तारीख मिळत होती तीन आठवड्यांनंतरची. म्हणजे कचेरीच्याच तारखेमुळे कचेरीचीच मुदत चुकणार होती. हे मी कचेरीच्या खिडकीतल्या मुलीला दोनदा समजावलं. ती म्हणाली, मुदतवाढीचा अर्ज त्या पेटीत टाका. मी म्हटलं, पोच द्या. "आम्ही पोच देत नाही." "मग मी इथेच बसते." मला गाडीने घेऊन आलेला माझा मुलगा कानाशी कुजबुजला, "आई, प्लीज सीन क्रिएट करू नकोस, मला ऑफिसला रिपोर्ट करायचंय." मी त्याला ऑफिसला पाठवलं आणि बसले. पावणेदोन तासांनी त्या मुलीने माझ्या प्रतीवर शिक्का मारला. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडून फोन आला की असा अर्ज सापडत नाही... तो शिक्का दाखवला नसता, तर सुमनताई प्लेनोला पाहुण्या म्हणून गेल्या असत्या. वाचकांपैकी कोणावर अशी वेळ आली, तर एवढं लक्षात ठेवावं. कागद देताना पोच घ्यावी, देणार नाही म्हणाले तरी घ्यावी.

फेरतपासणीच्या सकाळी मी शेगडीची बटणं काढून पर्समध्ये ठेवली. घर पास झालं. सुमनताईंनी देवापुढे साखर ठेवली आणि मला वचन दिलं की बॅटरी पुन्हा काढणार नाही. मी त्या वचनावर विश्वास ठेवला नाही, हे इथे नोंदवणं आवश्यक आहे. खरा उपाय सोपा होता. ते यंत्र सहा फूट पलीकडे सरकवायचं. टोनी म्हणाले, कचेरीने लेखी दिलं तर सरकवतो. कचेरी म्हणाली, घर पास झालेलं आहे, आम्ही लेखी देऊ शकत नाही. सहा फूट! त्यामुळे रोज सकाळी नऊला अलार्म किंचाळे, सुमनताई टॉवेल फडकावत आणि खालून झाडूच्या दांड्याचे दोन ठोके येत. पहिल्यांदा ती तक्रार होती, पुढे नुसती रीत झाली. "टोनीभाऊ उठले," त्या म्हणत. असे चौदा महिने. पाच वर्षांच्या प्रतीक्षेनंतर चौदा महिने.

त्या गेल्यावर मी कचेरीला फोन केला. कुटुंबप्रमुखाशीच बोलता येईल, असं उत्तर मिळालं. मी म्हटलं, कुटुंबप्रमुखच गेल्या आहेत आणि कुटुंबात दुसरं कोणी नव्हतं. मग त्यांनी माझं नाव लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी सुमनताईंच्या नावाने पत्र आलं: वार्षिक तपासणीस घरी हजर राहावे, अन्यथा साहाय्य बंद करण्यात येईल. ते मी उघडलं, वाचलं आणि, का कोण जाणे, देव्हाऱ्यात ठेवलं. आता ते साहाय्य यादीतल्या पुढच्या कोणाला तरी मिळेल. मिळावंच. फक्त त्या बाईला कोणीतरी पोच घ्यायला सांगायला हवं.

गेल्या शनिवारी टोनींना किल्ली परत द्यायला गेले. खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. ओट्यावर मिसळणाचा डबा तेवढा होता, तो मी माझ्यासाठी मागून घेतला होता. फ्रीजवरची यादी काढण्याआधी, सवयीने, एकेक कलम तपासत गेले. खिडक्या. नळ. कठडा. नवव्या कलमाशी आले, तेव्हा आधी डबा उघडला आणि मोहरीच्या वाटीत बोटं घातली. मोहरीच होती. हळद, जिरं, मेथी, सगळ्या वाट्या चाचपल्या. मग स्टूल ओढलं, वर चढले आणि बटण दाबलं.

अलार्म किंचाळला. त्या रिकाम्या घरात तो केवढा तरी मोठा वाटला. मी बोट काढलं, आवाज थांबला, आणि मी तशीच स्टुलावर उभी राहिले... खालून झाडूच्या दांड्याचे दोन ठोके आले.