झिऱ्यातलं कलिंगड

खर्ड्याच्या शांतवन मास्तरांना दोन गोष्टींचा भारी अभिमान: एक आपल्या मिशा आणि दुसरा जपान. जपान त्यांनी पाहिलेला नव्हता. मिशनच्या मडमेनं लहानपणी तिथल्या चार गोष्टी सांगितल्या होत्या, तेवढ्या भांडवलावर मास्तरांनी उभी हयात काढली.

बहात्तरच्या दुष्काळात निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको कृपाबाई सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. दुपारी कामावर वाटलेली सुकडी खाताना बाया म्हणायच्या, "मास्तर, हुंद्या गोष्ट." मास्तर खुलायचे. गोष्ट ठरलेली. पोरबाळ नसलेली म्हातारी नदीवर धुणं धुते, भलंमोठं फळ वाहत येतं, त्यातून मुलगा निघतो आणि राक्षसांना बडवायला जातो. जपानातलं ते फळ इथं कुणी पाहिलेलं नाही, म्हणून मास्तरांनी त्याचं कलिंगड केलं होतं.

एके दिवशी त्यांतल्या गोजरबाईनं मध्येच तोंड घातलं. "वाहत आलं? नदीला पानी कुठंय?"

"अगं, ती नदी जपानातली हाय."

"मग गोष्टबी तितंच सांगा की!"

बाया हसल्या. मास्तरांनी कलिंगड डोंगरावरून गडगडत आणलं. लंकाबाई म्हणाली, "फुटंल की." बैलगाडीतून आणलं, तर गाडीवान ते वाटेतच खाणार यावर सगळ्यांचं एकमत झालं. गोजरबाईसकट दोघी-तिघी पदर झटकून उठल्या. मास्तरांची शाळा निवृत्तीनं सुटलीच होती, आता गोष्टही गेली तर त्यांना मास्तर म्हणायचं कशाला?

तेव्हा कधी मध्ये न बोलणारी कृपाबाई बोलली. "म्हातारी धुनं धुवाया न्हाई गेली. पान्यासाठी वाळूत झिरा उकराया गेल्ती. उकरता उकरता हाताला कलिंगड लागलं."

गोजरबाई परत बसली. तिच्या माहेरी नदीच्या वाळूतच कलिंगडं लावत.

मास्तरांना हायसं वाटलं. घाईघाईनं त्यांनी कलिंगड चिरलं, मुलगा काढला, त्याच्या कमरेला तलवार बांधली.

"एवढ्यात कुठं धाडताय त्याला?" कृपाबाई म्हणाली. "आदी घोटभर पानी पाजू द्या. म्हातारीनं अजून मांडीवरबी घेतलं न्हाई."

मास्तरांच्या घरात पाळणा कधी हलला नव्हता. आणि इतकी वर्षं ते तिच्यादेखत हीच गोष्ट सांगत होते, मूल जन्मलं रे जन्मलं की त्याला राक्षसांकडं पिटाळत होते. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी पोराच्या कमरेची तलवार सोडली.

दुसऱ्या दिवशी मास्तर बसतात न बसतात तोच गोजरबाई म्हणाली, "राक्षसांचं ऱ्हाऊ द्या. पोरगं जेवलं का, ते सांगा."

मास्तरांनी कृपाबाईकडं पाहिलं. "ते हिला इचारा," ते म्हणाले.