माल हवेत, श्वास आत

फाउंड्रीत तिला सगळे घार म्हणायचे. छताखालच्या रुळांवरून सरकणाऱ्या वीस टनी क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये ती सव्वीस वर्षं बसत होती, जमिनीपासून चाळीस फूट वर. तिथून तिला माणसांच्या फक्त टोप्या आणि खांदे दिसत, आणि माणसांना तिचे फक्त दोन हात. पण ते हात असे, की अठरा टनांचं ओतीव, म्हणजे साच्यात ओतून घडवलेलं लोखंड, ठेवताना खालच्या लाकडी ठोकळ्यांचासुद्धा आवाज व्हायचा नाही. स्वभावही नावाला शोभेल असा. नाकावर माशी बसू द्यायची नाही, आणि बसलीच तर तिलाही दोन शब्द सुनावायची.

चौपन्नाव्या वर्षी कारखान्याच्या वार्षिक तपासणीत ही घार सापडली. डॉक्टर तिच्या धाकट्या भावाच्या वयाचा, खिशाला तीन पेनं लावणारा. त्याने नाडी मोजली, शहाण्णव. रक्तदाब वरचा एकशे बावन्न. फुंकायच्या नळीत तिने जीव खाऊन फुंकलं तरी काटा अर्ध्या वाटेतच दमला. मग त्याने तिला जिना चढायला लावला. एकशे चाळीसवर गेलेली नाडी दहा मिनिटं झाली तरी खाली यायचं नाव घेईना. आणि सगळ्यात वाईट झाली ती दिव्याची चाचणी. समोर लाल दिवा लागला की बटण दाबायचं, असं दहा वेळा. क्रेन चालवणाऱ्याची सरासरी साडेतीनशे मिलिसेकंदांच्या आत लागते. तिची आली चारशे बारा.

“ताई, आता खाली या,” डॉक्टर म्हणाला. “स्टोअरमध्ये जागा आहे. पगार तोच, काम बसून.”

“मी वरही बसूनच काम करते.”

“वर तुमचा हात उशिरा हलला तर खाली माणूस चिरडला जाईल.”

“सव्वीस वर्षांत कोणाच्या नखाला धक्का लागलाय?”

“नाही लागला. लागायच्या आत उतरा, एवढंच म्हणतोय.”

हे खरं होतं, आणि खरं ऐकलं की तिला दुप्पट राग यायचा. नियमाने तीन महिन्यांनी फेरतपासणी होती. तीत पास झाली तर केबिन, नाही तर कायमचं स्टोअर. तोवरही स्टोअरच.

स्टोअरमध्ये हातमोज्यांचे गठ्ठे, नटबोल्टच्या पेट्या आणि एक पंखा होता. पंखा तेवढा तिच्यासारखा कुरकुरायचा. पहिल्याच दिवशी बाहेर ओतीव दणकन आदळलं आणि ती खुर्चीवरून उठून उभी राहिली. आपलं मूल दुसऱ्याने आपटल्यासारखं तिला वाटलं. दुपारी मामा हातमोजे न्यायला आला. मामा म्हणजे खाली उभं राहून क्रेनला हाताने खुणा करणारा, केबिनमधल्या माणसाचे डोळेच म्हणा ना. वीस वर्षांची त्यांची जोडी.

“घारे, लवकर वर जा बाई,” तो म्हणाला. “तुझ्या जागेवरच्या या नव्याला खुणा करून करून माझे खांदे निखळले. मी म्हणतो हळू, तो म्हणतो धाड.”

“जाणारच आहे. कोण अडवतंय बघू.”

बोलायला काय जातं? घरी येऊन तिने जिने चढून पाहिले, पळून पाहिलं, आणि धाप लागून कट्ट्यावर बसली. तेव्हा नवरा भीत भीत म्हणाला, “आमच्या ताईला विचार की एकदा.”

ही ताई म्हणजे तिची थोरली नणंद. तीस वर्षं छातीच्या दवाखान्यात नर्स होती, आणि निवृत्त झाल्यापासून वाचनालयामागच्या खोलीत सकाळी लोकांना प्राणायाम शिकवायची. घारीने एकदा भरल्या घरात म्हटलं होतं, “जगाला फुकट मिळते ती हवा आमच्या वन्सं शिकवून देतात.” तेव्हापासून दोघींत विस्तव जात नव्हता. त्याला सहा वर्षं झाली होती.

घारीने दोन दिवस नवऱ्याशी भांडण काढलं आणि तिसऱ्या दिवशी गेली.

नणंदेने दारातच तिला आपादमस्तक न्याहाळलं. “आलीस का नाक मुठीत धरून? बरं झालं. इथे नाकच धरायचं असतं.”

घार परत फिरणार होती. पण स्टोअरमधला पंखा आठवला आणि तिने चपला काढल्या.

पाठ ताठ, डोळे मिटलेले, खांदे सैल. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. जमेल तसं मग आठ. आधी दोन्ही नाकपुड्यांनी, मग एकेक बंद करून. घारीला वाटलं होतं काहीतरी अवघड असेल, निदान घाम तरी येईल. हे तर नुसतं बसणं. पण चौथ्या मिनिटाला तिचा सहाचा आकडा तीनवरच संपला आणि खोकला आला तो थांबेना.

“याने फुप्फुसं नवी होतात का?” तिने खोकल्याच्या मध्येच विचारलं, जणू नणंदेने तसा शब्द दिला होता.

“नाही. सव्वीस वर्षांची भट्टीची धूळ आहे ती, फुंकून जायची नाही. पण जी आहेत ती तरी पुरती वापर. तू गळ्याशीच श्वास घेतेस. तळमजल्याला कुलूप लावून माडीवर संसार चाललाय तुझा. खालच्या बरगड्या हलू देत.” मग नणंदेने घारीची दोन बोटं घारीच्याच मनगटावर ठेवली. “आता बघ. श्वास घेतलास की नाडी धावते, सोडलास की रेंगाळते. जितका सावकाश सोडशील तितकी रेंगाळेल. तेवढाच त्या बिचाऱ्या हृदयाला विसावा. रोज मिळाला की त्याला सवय होते. आणि हे करतेस म्हणून मीठ कमी करायचं टाळायचं नाही.”

घारीने डोळे मिटून मोजलं. खरंच नाडी श्वासामागे ये-जा करत होती. चौपन्न वर्षं हे आपल्या मनगटात चालू होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, याचा तिला राग आला. कोणावर, ते तिलाही सांगता आलं नसतं.

ती रोज जाऊ लागली. तीन आठवड्यांत नाडी चौऱ्याऐंशीवर आली, सहा आठवड्यांत अठ्ठ्याहत्तरवर. आठाचा आकडा पुरा होऊ लागला. पण हात मात्र ढिम्म. त्यासाठी नणंदेने साधी युक्ती केली होती. घारीच्या अंगठा आणि बोटामध्ये फूटपट्टी लोंबती धरायची आणि न सांगता सोडायची. पकडली जाईल तिथला आकडा वाचायचा. जितका लहान तितका हात चपळ. पहिल्या दिवशी सत्तावीस सेंटिमीटर आला होता. सहा आठवड्यांनीही सत्तावीस, फार तर सव्वीस.

“हाताला म्हातारपण आलंय, दुसरं काय,” घार म्हणाली.

“गप. परत धर.” नणंद या वेळी पट्टीकडे पाहतच नव्हती. ती घारीच्या गळ्याकडे पाहत होती. तिने दहा वेळा पट्टी सोडली आणि मग टेबलावर ठेवून दिली. “तू श्वास कोंडतेस. पट्टी दिसली रे दिसली की श्वास बंद, जबडा बंद, सगळं अंग आवळलेलं. आवळलेला हात आधी सुटणार, मग हलणार. उशीर तिथे होतोय.”

“ते काही चुकून होत नाही,” घार फणकारली. “आम्हाला तसंच शिकवलंय.”

आणि तसंच होतं ते. केबिनमध्ये, लिव्हरच्या वरच्या पत्र्यावर, पिवळ्या रंगाने चार शब्द लिहिलेले होते: माल हवेत, श्वास आत. अक्षर उस्तादाचं, तिला क्रेन शिकवणाऱ्याचं. माल उचलला की श्वास धरायचा, टेकला की सोडायचा. त्या फाउंड्रीतला प्रत्येक क्रेनवाला तसंच करायचा, आणि खाली खुणा करणारा मामासुद्धा. एकेका खेपेला पंधरा-वीस सेकंद, दिवसातून साठ-सत्तर वेळा. उस्ताद म्हणायचा, श्वास हलला की हात हलतो. आणि उस्ताद म्हणजे साधा माणूस नव्हे. बाईला क्रेनवर बसवायचं म्हटल्यावर सगळी फाउंड्री अंगावर आली, तेव्हा “ती नाही तर मीही नाही” असं म्हणून त्याने आपली टोपी साहेबाच्या टेबलावर ठेवली होती. त्याला जाऊन पंधरा वर्षं झाली. घारीला तो देवापेक्षा काकणभर वरच होता.

“तुझ्या उस्तादाचा हात किती वर्षं टिकला?” नणंदेने विचारलं.

“अठ्ठावन्नपर्यंत. मग थरथरायला लागला. आपणहून उतरले ते.”

“श्वासामुळेच थरथरला असं मी म्हणणार नाही. मी त्यांना तपासलेलं नाही. तुझं काय होतंय ते मात्र डोळ्यांनी बघतेय.”

“त्यांच्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, वन्सं,” घार म्हणाली आणि चपला घालून निघाली. तीन दिवस तिकडे फिरकली नाही.

चौथ्या दिवशी तिने नवऱ्याच्या हातात पट्टी दिली. श्वास धरून पकडली: सत्तावीस, सव्वीस, सत्तावीस. मग श्वास सावकाश सोडत असताना पकडली: वीस. तिने डोळे वटारून नवऱ्याला सांगितलं, परत. एकोणीस. परत. एकवीस. वीस वेळा केलं आणि वीस वेळा तेच निघालं. नवरा खूश होऊन काही बोलणार तोच त्याच्या लक्षात आलं की बायको रडतेय. ज्याने आपल्याला उभं केलं त्याच्याविरुद्ध आपण साक्ष दिली असं तिला वाटलं, आणि साक्ष खरी होती म्हणून जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी ती नणंदेपुढे जाऊन बसली. नणंदेने काही विचारलं नाही, फक्त चटई पुढे सरकवली. तो तिचा मोठेपणाच म्हणायचा.

फेरतपासणीला डॉक्टर तोच, पेनं तीच. नाडी सत्तर आली. त्याने परत मोजली. मग चष्म्यावरून पाहिलं.

“ताई, नाडी उतरवायच्या गोळ्या मिळतात. घेऊन आलात का?”

“घ्या की तपासून.”

“जिना चढा. गोळी घेतली असेल तर नाडी फारशी वर जाणार नाही.”

ती चढली. नाडी एकशे सव्वीसवर गेली, म्हणजे गोळी नव्हती. ती खुर्चीत बसली, खांदे सैल सोडले, आठ आकडे श्वास सोडत राहिली. चौथ्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर. डॉक्टर घड्याळाकडे बघतच राहिला.

“आणखी एकदा चढू?” तिने विचारलं. “तुमची खात्री होईपर्यंत चढते. मला घाई नाही.”

फुंकायच्या नळीत काटा मागच्यापेक्षा बोटभरच पुढे गेला, पण रेघ ओलांडून गेला. रक्तदाब एकशे चौतीस. राहिला दिवा.

पहिला दिवा लागला आणि जुनी खोड उसळून वर आली. श्वास आत, जबडा बंद. चारशे पाच. दुसरा, चारशे दहा. तिसरा, तीनशे अठ्ठ्याण्णव. समोर फक्त एक दिवा आणि बटण होतं, तरी तिला वाटत होतं की अठरा टन हवेत आहेत आणि मागे उस्ताद उभा आहे. तिने हात उचलून डॉक्टरला थांबायला सांगितलं.

“दमलात?”

“नाही. एका माणसाची परवानगी मागायची आहे.”

कोणाची, ते डॉक्टरला कळलं नाही आणि तिने सांगितलं नाही. तिने डोळे मिटले आणि मग परवानगी न मागताच उघडले. श्वास सोडायला सुरुवात केली, लांब, सैल. दिवा लागला. तीनशे अठरा. पुढचा तीनशे बारा. उरलेल्या सातही वेळा ती सोडत्या श्वासावर होती, आणि सातही आकडे तीनशे पंधराच्या आसपास. डॉक्टरने बेरीज केली, पुन्हा केली. सरासरी तीनशे बेचाळीस.

“कसं काय केलंत हे?”

“हवा घेतली. फुकट मिळते.” मग तिला नणंद आठवली. “शिकवणारी मात्र चांगली लागते.”

“एक वर्षासाठी सही करतो,” डॉक्टर म्हणाला. “पुढच्या वर्षी परत बघू.”

“बघा. नापास झाले तर तुम्ही सांगायच्या आत उतरेन. पास होतेय तोवर मला कोणी खाली ये म्हणायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी ती शेहेचाळीस पायऱ्यांची शिडी चढून केबिनमध्ये गेली. नव्या माणसाने काच पुसली नव्हती. ती तिने आधी पुसली. मग पिशवीतून पिवळ्या रंगाचा डबा काढला. ब्रश घेऊन ती त्या चार शब्दांसमोर बसली. शेवटी तिने एकच शब्द खरवडला, फक्त शेवटचा, आणि तिथे आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं: चालू.

शिडीवर धापा टाकत वर आलेल्या मामाने ते वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. “अगं, उस्तादाचं अक्षर पुसलंस?”

“पुसलं. मोठ्यांचं सगळंच ऐकायचं म्हटलं असतं तर उस्तादाने मला इथे बसवलं असतं का, मामा?”

मामा खाली उतरला. भोंगा झाला. पहिलं ओतीव अठरा टनांचंच होतं. तिने उचललं, सरकवलं, ठोकळ्यांच्या वर हातभर आणलं. खाली मामाने दोन्ही हात वर केले होते. इतक्या उंचीवरून तिला त्याचे खांदे दिसले, कानांपर्यंत चढलेले, आवळलेले. वीस वर्षं ते खांदे तसेच होते, रोज दिसत होते, आणि तिच्या आजवर लक्षात आलं नव्हतं.

तिने लिव्हर तिथेच थांबवला, केबिनची खिडकी उघडली आणि भट्टीच्या आवाजावर ओरडली, “मामा, आधी तुम्ही श्वास सोडा! मग मी माल सोडते!”

सगळी फाउंड्री वर बघू लागली. मामाचे खांदे खाली आले. मग ओतीव खाली आलं, आणि ठोकळ्यांचा आवाज झाला नाही.